कॉलेजची मागची बाजू

सरांचा मला राग आहे. आधीच सांगून टाकते, कारण जुन्या सरांवर लिहायला बसलं की दोन पानांत डोळे पाणावतात आणि शेवटी सगळं माफ होऊन जातं. माझं तसं होणार नाही. सर अजून आहेत, खणखणीत आहेत, डोंबिवली पूर्वेला एका पिठाच्या गिरणीच्या वर अजून क्लास घेतात, आणि मी त्यांना माफ केलेलं नाही.

क्लास कसला, तर चित्रकला, डिझाइन आणि आर्किटेक्चर या तिन्हींच्या प्रवेश परीक्षांचा. आमच्या वेळी आम्ही अकरा जण होतो. दोन खोल्यांचा ब्लॉक, मधली भिंत सरांनी सोसायटीला न विचारता पाडलेली. सेक्रेटरी भांडायला आला तर त्यालाच सरांनी बीम दाखवून अर्धा तास शिकवलं. दुपारी चारला खाली गिरणी सुरू झाली की आमचे बोर्ड थरथरायचे आणि सरळ रेघेला दात फुटायचे. कोणी कुरकुरलं की सर म्हणायचे, "साइटवर याहून जास्त हलतं. काढ परत." घरी गेल्यावर आई माझे केस झटकत विचारायची, "क्लासला गेलेलीस की दळायला?"

सर बुटके आणि काटक. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात ब्लेडने टोक काढलेल्या तीन पेन्सिली आणि खांद्यावर एक पिवळट फडकं. गिरणीमुळे क्लासमधल्या प्रत्येक गोष्टीवर पिठाचा थर बसायचा, त्यामुळे सरांना सवयच लागली होती. हातात येईल ती वस्तू आधी पुसायची आणि मगच तिच्याकडे बघायचं. टेबल पुसायचे, आमचे बोर्ड पुसायचे, चहाचा कप बाहेरून पुसायचे. एका पालकाने व्हिजिटिंग कार्ड दिलं तर तेही पुसून मग वाचलं. आम्ही हसायचो. त्या फडक्याने माझं काय होणार आहे हे तेव्हा माहीत असतं तर मी ते गिरणीत टाकून दिलं असतं.

पालकांवर त्यांचा विशेष दात होता. कोणीही आलं की पहिला प्रश्न, "सर, ह्यात स्कोप आहे का?" सर उलट विचारायचे, "तुमच्या घराचं दार आत उघडतं की बाहेर?" बरेच पालक गडबडायचे, हवेत हात फिरवून दार उघडून बघायचे. मग सर सुरू व्हायचे. "रोज उघडता त्या दाराचं सांगता येत नाही, आणि मुलीच्या पुढच्या चाळीस वर्षांचं मी सांगू? बसा. पाणी घ्या."

माझ्या पप्पांनी मात्र लगेच सांगितलं, "आत उघडतं सर, पण फ्रिज आणल्यापासून अर्धंच उघडतं." पप्पा मानपाड्याच्या एका कारखान्यात फिटर. सरांनी त्यांना खुर्ची पुसून दिली आणि फ्रिज कुठे सरकवावा ते कागदावर काढून दिलं. पप्पांनी घरी येऊन फ्रिज तिथे सरकवला, दार पूर्ण उघडलं. त्या दिवसापासून पप्पांनी सरांना जे डोक्यावर घेतलं, ते मला पुढे महागात पडलं.

सरांची खरी ख्याती होती ती कॉलेजांच्या तुलनेसाठी. भिंतीवर खाकी कागदाचा एक तक्ता होता, जमिनीपासून छतापर्यंत. वरच्या ओळी वाचायला स्टुलावर चढावं लागायचं. रँकिंग, प्लेसमेंट, परदेशी करार यातलं तिथे काहीही नव्हतं. रकाने सरांचे स्वतःचे. वर्कशॉपची किल्ली कोणाकडे असते. शिपायाला किती मुलांची नावं येतात. संध्याकाळी किती खोल्यांत दिवे असतात. आणि सगळ्यात रुंद रकाना होता कचऱ्याचा.

कॉलेज बघायचं ते मागून, असं त्यांचं म्हणणं. "पुढची बाजू म्हणजे बघायला गेल्यावर पुढे येणारे कांदेपोहे. त्यावरून सासू कळते का?" कॉलेजांची सबमिशनं संपली की सर रेग्झिनची पिशवी घेऊन प्रत्येक इमारतीच्या मागे हजर व्हायचे आणि तिथला ढीग उकरायचे. चित्रकलेच्या कॉलेजमागे कॅनव्हास पडलेले दिसले की नाक मुरडायचे. कॅनव्हास बिघडला तर खरवडून त्यावर दुसरं चित्र काढतात, टाकून कोण देतं? तिथे त्यांना रंग पुसलेल्या चिंध्या हव्या असायच्या, भरपूर. डिझाइनच्या कॉलेजमागे नुसते रंगीत प्रिंटआउट असले की शून्य. तिथे मोडलेल्या बिजागऱ्या, गळके कप, न टिकलेली स्टुलं मिळाली पाहिजेत. आणि आर्किटेक्चरच्या मागे मॉडेलं. नीटनेटकी नकोत, एकच कोपरा सहा सहा वेळा कापलेली हवीत.

"इथे कोणीतरी मुलाला म्हणालंय, परत कर," असा एखादा कोपरा बोटाने चाचपत ते म्हणायचे. "परत कर म्हणणारा माणूस आहे का, एवढंच बघायचं असतं कॉलेजात. बाकी सगळे पुढच्या अंगणातले पेव्हर ब्लॉक."

यातलं काही चुकीचं होतं असं मी आजही म्हणणार नाही. मला जास्त राग त्याचाच येतो.

एकदा एका महागड्या डिझाइन कॉलेजच्या मागे वॉचमनने त्यांना पकडलं. हातात दोन मोडकी स्टुलं. वॉचमनला वाटलं भंगारवाला. सर त्याच्यावरच चढले, "हे स्टूल कोणी केलं? त्याला बोलवा, त्याशिवाय मी जाणार नाही." बराच गोंधळ झाला, कोणीतरी मॅडम आल्या आणि शेवटी खरंच तो विद्यार्थी शोधून आणला. सरांनी स्टूल उलटं धरून त्याला झापलं, "सांधा बरोबर आहे तुझा. लाकूड चुकलंय. मग पूर्ण स्टूल का टाकलंस?" तो मुलगा म्हणाला की ज्युरीत कोणी स्टूल उलटं करून बघितलंच नाही, वरून बघून मार्क दिले. सरांनी तक्त्यावर त्या कॉलेजपुढे लाल पेन्सिलीने लिहिलं, मुलगा चांगला, कॉलेज नाही. ते स्टूल क्लासमध्ये आलं. वरच्या ओळी वाचायला आम्ही त्याच्यावरच चढायचो.

ठाण्याला एका हॉलमध्ये दर वर्षी प्रवेशाचा मेळावा भरतो. सर आम्हा अकरा जणांना घेऊन गेलेले. एसी, पडदे, सगळ्यांच्या खांद्याला फुकटच्या पिशव्या. ब्लेझर घातलेली माणसं आमच्या आयाबापांना हाताला धरून खुर्चीत बसवत होती. सर प्रत्येक स्टॉलवर जाऊन एकच विचारायचे.

"वर्कशॉपची किल्ली कोणाकडे असते?"

"सर, आपल्याकडे वर्ल्ड क्लास इन्फ्रास्ट्रक्चर आहे. इंडस्ट्री इंटरफेस आहे, फॉरेन टायअप आहे..."

"किल्ली."

"सॉरी?"

"किल्ली कोणाकडे असते?"

"सर, तुम्ही हा फॉर्म भरा ना, आमची टीम तुम्हाला कॉल करेल."

चाळीसेक स्टॉल असतील. एकालाही सांगता आलं नाही आणि एकालाही त्याची लाज वाटली नाही. शेवटच्या स्टॉलवर एक मुलगी होती, आमच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी. ती वैतागून म्हणाली, "काका, मला खरंच नाही माहीत. मी ते कॉलेज बघितलेलंच नाही. मला कालच ह्या स्टॉलवर बसवलंय." सरांनी पिशवीतून एक केळं काढलं, पुसलं आणि तिला दिलं. "एवढ्या हॉलमध्ये तुम्ही एकट्या शिकलेल्या," असं म्हणून बाहेर पडले.

त्या हॉलचा मला आजही संताप येतो. पाच पाच वर्षं विकायला बसले होते सगळे, आणि विकायची वस्तू कोणी बघितलेली नव्हती. सरांनी निदान बघितली आहे, असा मला तेव्हा अभिमान वाटला.

आता माझ्यावर येते. मला आर्किटेक्चर करायचं होतं आणि मला मुंबईतलं एक जुनं कॉलेज हवं होतं. पप्पांबरोबर एकदा बघायला गेलेले तेव्हा तिथल्या दगडी जिन्यावर एक मुलगी बसून वहीत कठडा काढत होती. जाणारे-येणारे तिला वळसा घालून जात होते, कोणी उठवत नव्हतं. आमच्या ठाकुर्लीच्या घरात मी वही उघडली की मला जेवणाच्या ताटांसाठी उठावं लागायचं. मला त्या जिन्यावर बसायचं होतं, बस. सरांच्या तक्त्यात ते कॉलेज तिसऱ्या नंबरवर होतं. कचऱ्यात प्रिंटआउट जास्त, म्हणून.

त्या वर्षी सरांना नवा शोध लागला. कल्याणच्या पलीकडे टेकडीवर एक कॉलेज होतं, कोणी नाव न घेणारं. सर त्याच्या मागे गेले आणि तिथे पत्र्याच्या शेडखाली त्यांना मॉडेलांचा डोंगर सापडला. दोनेकशे तरी असतील, म्हणाले. प्रत्येकाचे कोपरे कापलेले, परत लावलेले, परत कापलेले. सर त्या दिवशी क्लासमध्ये नाचायचेच बाकी होते. पिशवीतून आणलेलं एक छोटं घर आमच्यात फिरवलं. स्वच्छ, पांढरं, अगदी लख्ख पुसलेलं. जिन्याची प्रत्येक पायरी वेगळी कापून बसवली होती. मलाही ते आवडलं, नाही कशाला म्हणू.

सरांच्या क्लासमध्ये एक रीत होती आणि तेव्हा कोणालाच त्यात काही वावगं वाटत नसे. प्रवेशाचे ऑप्शन फॉर्म सर भरायचे. पालकांना ती वेबसाइट झेपायची नाही, शेवटच्या दिवशी सर्व्हर बसायचा, म्हणून आम्ही सगळ्यांनी आपापले पासवर्ड एका कागदावर लिहून दिले होते आणि तो कागद दाराच्या खिळ्याला टांगलेला असायचा. मी माझा क्रमही लिहून दिला होता. पहिलं मुंबईचं. दुसरं टेकडीवरचं. फॉर्मच्या शेवटच्या दोन दिवसांत माझ्या मामेबहिणीचं लग्न होतं, चिपळूणजवळच्या गावात, जिथे फोनला रेंज नव्हती. आई आणि मी गेलो. पप्पांना सुट्टी मिळाली नाही.

परत आले तर फॉर्म भरून झाला होता, मुदतही संपली होती. पहिलं टेकडीवरचं. दुसरं मुंबईचं.

"सर, मी असं लिहून नव्हतं दिलं," मी फोनवर म्हटलं.

"तू जिना बघून लिहिलं होतंस," सर म्हणाले. "मी कचरा बघून लिहिलंय. तुझं काम मी केलंय, आता झोप."

फॉर्म पक्का करायला ओटीपी लागतो आणि तो पप्पांच्या मोबाइलवर जायचा. मी पप्पांना विचारलं. ते जेवत होते. "अगं सरांचा फोन आलेला ड्युटीवर असताना. ओटीपी बोला बोलले, मी बोललो. सर आहेत ना ते?" माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी घास खाली ठेवला. "का गं? काय झालं?"

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पहिल्या नंबरला टाकलेलं कॉलेज मिळालं की जागा कुलूपबंद होते, पुढच्या फेरीत जाता येत नाही. मला टेकडीवरचं मिळालं. नंतर मुंबईच्या कॉलेजची यादी लागली आणि शेवटच्या नावाचे मार्क माझ्यापेक्षा कमी होते. म्हणजे मी लिहून दिलेला क्रम टाकला असता तर मी त्या जिन्यावर असते. ती यादी मी किती वेळा उघडून बघितली ते विचारू नका.

तरीही मला वाटलं, सर म्हणतात तर असेल. मी टी-स्क्वेअर घेऊन टेकडी चढले आणि पहिल्याच आठवड्यात वर्कशॉप शोधत गेले. दारावर पाटी होती, ॲडमिशन लाउंज. आत निळ्या खुर्च्या, काचेचं टेबल, कुंड्या. एक वयस्कर शिपाई बाहेर बसले होते, त्यांना विचारलं.

"वर्कशॉप? ते मे महिन्यातच खाली केलं," ते म्हणाले. "आमचे एक दाढीवाले सर व्हते ना, ते पोरांना जाम राबवायचे. सात-आठ वर्षांची घरं व्हती आत. त्यांना काढलं, मंग ती घरं पन काढली. महिनाभर शेडखाली पडलेली. एक म्हातारा येऊन बघून गेला, लय खूश झाला तो."

मी तिथल्या तिथे खाली उतरले आणि थेट डोंबिवली गाठली. चार वाजून गेले होते, गिरणी चालू होती, नवी बॅच बसलेली होती. मी चपलाही काढल्या नाहीत.

"सर, तो ढीग शिकवण्याचा नव्हता," मी म्हटलं. "शिकवणाऱ्या माणसाला हाकललं आणि त्याच्यामागे त्याचं सामान हाकललं, त्याचा ढीग होता तो. परत कर म्हणणारा एकच होता तिथे, आणि तो गेलाय. तुम्ही बघितलात तेव्हाच गेला होता."

सगळ्यांच्या पेन्सिली थांबल्या. सरांनी खांद्यावरचं फडकं हातात घेतलं आणि त्याच्याकडे बघत राहिले.

"धूळ होती त्यांच्यावर," ते म्हणाले. "चांगली जाड होती. मी पुसली."

एवढंच. कालपरवा टाकलेल्या मॉडेलवर धूळ नसते. जाड धूळ असेल तर ते मॉडेल वर्षानुवर्षं कुठेतरी पडून होतं आणि आत्ता कोणीतरी बाहेर काढलं, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळेल. ज्या माणसाने आम्हाला कचरा वाचायला शिकवलं त्याने नेमकी तीच ओळ पुसून टाकली आणि मग उरलेलं वाचलं.

मला वाटलं आता ते चुकलो म्हणतील. मी वाट बघत उभी होते. ते म्हणाले, "रविवारी सकाळी आठला येत जा. करवत, पटाशी, सगळं आहे माझ्याकडे. काय करायचं ते इथे करू."

"मला तुमची पटाशी नकोय सर, मला माझं कॉलेज हवंय."

"ते आता नाही मिळणार," असं म्हणून ते फळ्याकडे वळले.

मी गेले नाही. पाच वर्षांत एकाही रविवारी गेले नाही. त्या टेकडीवर पाच वर्षं माणसं भिंतीवरच्या स्लाइड वाचून दाखवत होती आणि आम्ही त्या स्लाइडचे फोटो काढत होतो. "परत कर" हे दोन शब्द मला एकानेही ऐकवले नाहीत. जे केलं ते चांगलंच आहे, असं सगळे म्हणायचे, कारण चांगलं नाही म्हटलं की परत बघावं लागतं. पप्पांनी कारखान्यात विचारून भंगारात निघालेला, वस्तू आवळून धरायचा एक छोटा व्हाइस आणला आणि खिडकीच्या कट्ट्याला बसवून दिला. त्यावर मी मॉडेलं कापली. ओटीपीबद्दल आम्ही दोघं पुन्हा कधी बोललो नाही. पण त्यानंतर घरात कोणाचाही ओटीपी आला की पप्पा मोबाइल समोर धरतात आणि स्वतः दुसरीकडे बघतात.

डिग्री झाली, एका ऑफिसात नोकरी झाली, आणि तीन वर्षांपूर्वी मी आंबिवलीच्या पुढे एका आर्किटेक्चर कॉलेजात कॉन्ट्रॅक्टवर शिकवायला लागले. मी परत कर म्हणते. मुलं मागून काय म्हणतात ते मला माहीत आहे.

गेल्या वर्षी पहिल्या वर्षाच्या वर्गात पहिल्या दिवशी मी फळ्यावर नाव लिहिलं तर एक मुलगी उठून उभीच राहिली. डोंबिवलीची.

"मॅडम, तुम्ही ठाकुर्लीच्या का? त्या गिरणीवरच्या सरांकडे होतात?"

"हो. का?"

"मॅडम, तुमचं नाव आम्हाला पाठ आहे. सर पहिल्या दिवशी तुमचंच सांगतात. ह्या मुलीची पाच वर्षं मी घालवली, धूळ पुसून, असं सांगतात. फडकं त्यांनी तक्त्याच्या वर खिळ्याला टांगून ठेवलंय, कॉलेज बघायला जाताना नेत नाहीत. आणि आता फॉर्म आपला आपण भरायचा. सर खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसतात. कोणी विचारलं ना, सर पहिलं कुठलं टाकू, तरी वळत नाहीत. एकदा दोन तास बसलेले."

तिला वाटलं मला छान वाटेल. मी तिला बसायला सांगितलं आणि कसाबसा तो तास घेतला. डोक्यात नुसता जाळ झाला होता. दर वर्षी नवी बॅच, दर वर्षी माझं नाव, दर वर्षी माझी गोष्ट. सगळ्या डोंबिवलीला सांगितलं, कल्याणला सांगितलं. मला नाही. ठाकुर्ली डोंबिवलीपासून किती लांब आहे हो? चालत येता येतं. माझा नंबर त्यांच्याकडे होता. पासवर्डसकट होता.

आणि आता या वर्षीचं. आमच्या संस्थेच्या विश्वस्तांना वर्कशॉपच्या जागी पालकांना दाखवायला एक्स्पीरियन्स सेंटर हवं झालं. मे महिन्यात निकामी सामानाची यादी फिरली. करवती, टेबलं, चार वर्षांची मॉडेलं. यादीखाली विभागातल्या सगळ्यांच्या सह्या हव्या होत्या आणि माझं कॉन्ट्रॅक्ट पुढे चालू ठेवायचं की नाही ते अजून ठरायचं होतं. मी सही केली. टेकडीवरच्या त्या लोकांना मी इतकी वर्षं शिव्या दिल्या, आणि मी सही करताना पेनसुद्धा अडखळलं नाही. सगळा माल मागे पत्र्याच्या शेडखाली गेला.

ऑप्शन फॉर्मच्या शेवटच्या दिवशी दुपारी वॉचमन वर आला. "मॅडम, मागे एक म्हातारे बाबा आलेत. भंगारवाले नाही वाटत, पण हटत नाहीयेत."

मी जिने उतरून गेले. सर उकिडवे बसले होते, शेजारी तीच रेग्झिनची पिशवी. केस सगळे पांढरे. खांद्यावर फडकं नव्हतं. त्यांनी एका मॉडेलच्या छपरावरून बोट फिरवलं, बोट डोळ्यांजवळ नेलं आणि बघितलं. मग मान वर केली तर समोर मी. ओळखलं त्यांनी. कशी आहेस वगैरे काही नाही. ते बोट माझ्यासमोर धरलं.

"किती वर्षांची?"

"चार."

"वर्कशॉप काढतायत?"

"हो."

"शिकवणारा आहे का गेला?"

"मी आहे अजून," मी म्हटलं. "यादीवर माझीही सही आहे."

सर परत ढिगाकडे बघायला लागले. मला ते ओरडायला हवे होते. मी इतकी वर्षं साठवलेलं सगळं तोंडापर्यंत आलं. "सर, तुम्ही सगळ्या गावाला सांगता की माझी पाच वर्षं घालवली. मला कधी सांगितलंत?"

"तुला माहीतच होतं," ते म्हणाले.

"माहीत असलं तरी सांगायचं असतं!"

आवाज वरच्या खिडकीपर्यंत गेला असणार. सर गुडघ्यावर हात टेकून उठले. "चुकलं माझं," ते म्हणाले. पुटपुटले खरं तर. मला वाटायचं हे ऐकलं की काहीतरी उतरेल. काही उतरलं नाही. मग त्यांनी खिशातून फोन काढून नंबर लावला आणि माझ्या हातात दिला. "क्लासमधली मुलगी आहे. हे कॉलेज पहिलं टाकायचं म्हणतेय. फॉर्म उघडून बसलीये, पाच वाजता बंद होतो. मी बाहेरचा. तू आतली आहेस, तू सांग."

पलीकडून एक बारीक आवाज आला. "हॅलो? मॅडम, तुमच्याकडचं वर्कशॉप कसं आहे?"

डोक्यावर प्रिन्सिपॉलांची खिडकी होती, उघडी. सोमवारी माझं कॉन्ट्रॅक्ट ठरणार होतं.

"वर्कशॉप नाहीये," मी म्हटलं. हळू नाही म्हटलं. "होतं. ते मोडलंय. मागे ढीग पडलाय, त्याच्यासमोरच उभी आहे मी. इथे पहिलं टाकू नकोस."

"बरं," ती म्हणाली. पुढचा आवाज अगदी रडवेला. "मग मॅडम, पहिलं कुठलं टाकू? तुम्हीच सांगा ना. तुम्ही बोलाल ते टाकते."

माझ्या तोंडावर नाव आलं होतं. दगडी जिना, कठडा, सगळं डोळ्यासमोर आलं. किती सोपं होतं ते. तिचे मार्क विचारायचीसुद्धा मला गरज वाटली नाही. मी सरांकडे बघितलं. ते पाठ फिरवून कंपाउंडच्या भिंतीकडे तोंड करून उभे होते, हात मागे बांधून, आणि वळत नव्हते.

"ते तुझं तू टाक," मी म्हटलं. "आणि ओटीपी कोणाला सांगू नकोस. पप्पांनासुद्धा नाही."